फी घरी आणून दिली तरी चालेल

तबलजी रियाजाला बसला की पेटीवर एकच धून फिरती ठेवावी लागते. तो लहरा. वसुंधराताईंनी बडोद्यात जन्मभर लहरा धरला. टाळ्या तबलजींना मिळाल्या. पुढे बोटं आखडली, तेव्हा बहिणीच्या मुलाने, अनयने, त्यांचे जुने लहरे फोनच्या ॲपमध्ये घातले. निजामपुऱ्यातली पेटी बंद झाली आणि घरोघरी वाजू लागली. ताईंना एवढंच हवं होतं.

ॲप वापरायला थोडी फी होती. तिथे त्यांनी एक ओळ घालायला लावली. 'फी घरी आणून दिली तरी चालेल.' खाली पत्ता.

फोनवाल्या कंपनीने ॲप काढून टाकलं. ॲप तिच्या दुकानातलं. पैसे तिच्याच गल्ल्यातून जायचे, तिचा वाटा कापून. दुसरी वाट आहे, हे सांगणंसुद्धा गुन्हा.

"लहरीपुऱ्याच्या बाजारात कोणा दुकानदाराने असं केलं तर मार खाईल," ताईंचे शिष्य जगदेवराव म्हणाले.

"फोनमध्ये याला सेवा म्हणतात, काका," अनय म्हणाला.

अनयसारख्यांनी मिळून खटला भरला. कंपनीचे वकील 'बाजार' म्हणजे काय यावरच अडून बसले. जगात फोन किती, त्यात आमचा हिस्सा केवढा? पटत नसेल त्याने दुसरा फोन घ्यावा.

"भाजी महाग मिळाली तर घर बदलायचं का रे?" ताईंनी विचारलं.

विद्वान बाजाराची व्याख्या करत राहिले. पेटी मुकी राहिली.

अखेर निकाल लागला. ओळ लिहायची मुभा मिळाली. अनयने पेढे वाटले. ॲप परत आलं. पण ओळीवर बोट ठेवलं की आता कंपनीची लाल पाटी उघडे : 'पुढे धोका आहे. फसवणूक झाल्यास आम्ही जबाबदार नाही.'

पुढे म्हणजे वसुंधराताई. दार लोटलेलं, चहा टाकलेला.

तरसालीहून एका विद्यार्थ्याच्या आईने फोन केला. "माफ करजो बेन, पण तुम्ही फ्रॉड तर नाही ना?"

त्यानंतर नवं कोणी येईना. जुनेही गळू लागले.

"अनय, ती ओळ काढ."

"मावशी, आपण जिंकलोय."

"जिंकलास ना? मग काढ. मला लहरा वाजायला हवाय."

ओळ गेली, पाटीही गेली. कंपनी पुन्हा वाटा कापू लागली. तरसालीच्या बाईंनी लगेच फी भरली आणि कळवलं, आता विश्वास बसला.