वादीने न नेलेला खांब

सोहारहून सलीमचा फोन आला तेव्हा मी मस्कतजवळ अल खौदला मुलाच्या घरी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. सलीम खोदाईवर माझ्याबरोबर होता; ओमानी, पण सगळी नोकरी आमच्यासारख्यांत गेल्यामुळे हिंदी सफाईने बोलतो. "जोसेफभाई, शेन मॅडम गेल्या. भाचीचा मेसेज आला. झोपेतच..." मी ओला शर्ट हातात धरून उभा राहिलो. मनात पहिला विचार जो आला तो लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आता कोणाला कळणार नाही, असं मला वाटलं.

डॉ. शेन चिनी पुरातत्त्वज्ञ. त्यांच्या देशात शतकानुशतकं विद्वान मंडळी घरात बसून जुनी काशाची भांडी आणि त्यांवरची अक्षरं अभ्यासायची. माती उकरणं हे मजुरांचं, नाहीतर चोरांचं काम. मग परदेशी शिकून आलेले काही तरुण स्वतः खड्ड्यात उतरले, मातीचा रंग बदलला की हात थांबवायला शिकले, आणि जपानशी युद्ध सुरू झाल्यावर सापडलेल्या वस्तूंची खोकी घेऊन गावोगाव फिरले. खोदणाऱ्याने आपल्या घरी एकही जुनी वस्तू ठेवायची नाही, असा त्यांचा नेम होता. बाईंचे गुरू त्या पिढीतले. बाईंनी तीच शिस्त चीनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांत नेली, आणि तिथून निघालेली भांडी कुठवर पोचली हे बघायला त्या ओमानला आल्या. "वस्तू कुठे पडली होती हे एकदा हरवलं, की ती फक्त विकण्यालायक उरते," असं त्या म्हणायच्या.

मी वसईचा, सर्व्हेचा ड्राफ्ट्समन. खोदाईला माणसं पुरवणाऱ्या कंपनीने मला बाईंच्या हाताखाली सुपरवायझर करून पाठवलं. चार चौकोनी खड्डे, त्यांच्यामध्ये मातीचे बांध, आणि बांध जिथे मिळतात तिथे माणसाच्या उंचीचा मातीचा खांब. बाकी सगळं खणून झालं तरी हा खांब शेवटपर्यंत ठेवायचा, कारण कोणता थर कशावर होता याची साक्ष त्यातच राहते. रत्नागिरीकडचे आमचे गडी त्याला 'मॅडमचं वारूळ' म्हणायचे. "सुपरवायझर, नाग निघाला की आधी तुम्हाला चावूदे हां!" मी बाईंना अर्थ सांगितला. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या खांबाला म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, वारूळ."

त्याच खांबाच्या एका अंगाला, जुन्या घराच्या चुन्याच्या जमिनीखाली, हिरवट झिलईच्या चिनी वाडग्याचा तुकडा दिसला. वरची जमीन फुटलेली नसेल, तर तुकडा घराआधीचा. म्हणजे चिनी माल इथे सगळे समजत होते त्याहून बराच आधी येत होता. बाईंनी त्याला बोटही लावलं नाही. कॅमेरा मस्कतला दुरुस्तीला होता. "मी तो घेऊन येते, मिस्टर जोसेफ. मग सकाळच्या तिरप्या उन्हात तुम्ही चित्र काढा. तेव्हा मातीचे रंग नीट दिसतील."

त्या गेल्या, आणि दुपारी अर्बाबचा, आमच्या मालकाचा, फोन आला. उद्या तो पाहुण्यांना घेऊन येणार होता. "वो मिट्टी का खंबा अभी तक खडा है? काम अधूरा दिखता है. साफ करो, यल्ला!" खांब कशासाठी आहे हे मी त्याला सांगू शकलो असतो. निदान बाईंना फोन करू शकलो असतो. पण व्हिसा त्याच्या हातात होता... आणि खरं सांगायचं तर महिनोन्महिने थापीने माती खरवडायला लावणाऱ्या या बाईचा मला कंटाळा आला होता. एक गडी म्हणाला, "मॅडमना विचारू या का?" मी खेकसलो, "पगार मॅडम देते का तुला?" टिकाव चालले. तुकडा मी उचलून डब्यात टाकला. संध्याकाळी डोंगरात पाऊस झाला, वादी, म्हणजे इथली एरवी कोरडी असणारी नदी, दुथडी भरून आली आणि अर्धे खड्डे गाळाने भरले. बाई परतल्यावर मी म्हणालो, "वादीने नेला, मॅडम. तुकडा तेवढा गाळात मिळाला."

पुढे इतर तज्ज्ञ म्हणाले, तुकडा उंदराच्या बिळातून खाली घसरला असेल. बाईंकडे दाखवायला काही नव्हतं. त्यांनी दावा मागे घेतला, आणि नोंद पुढे ढकलली हा दोष आपलाच, असं लिहिलं. ओमानात त्यांनी पुन्हा खोदाई केली नाही. मी दर ईस्टरआधी चर्चमध्ये पापकबुली देतो, पण हे कधी सांगितलं नाही. माती हलवणं कुठल्या आज्ञेत बसतं, अशी स्वतःची समजूत घालत आलो. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा लहानपणापासून पाठ असताना.

काही वर्षांपूर्वी त्या व्याख्यानाला मस्कतला आल्या, तेव्हा आम्ही इथला दाट दुधाचा करक चहा प्यायलो. त्यांनी एकेका गड्याची नाव घेऊन चौकशी केली. मी तोंड उघडलं, आणि आणखी एक चहा मागवला.

मागच्या आठवड्यात मी सलीमला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मॅडमना माहीत होतं." पूर ओसरल्यावर त्यांनी स्वतः गाळ काढून खांबाचं बूड साफ केलं होतं, आणि त्यावर टिकावाचे घाव होते. शेकडो वर्षांपूर्वीचा खड्डा कशाने खणला हे ओळखणाऱ्या बाई त्या... सलीम तक्रार करायला निघाला, तर त्यांनी अडवलं. "नको. गड्यांना घरी पाठवतील. त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरूनच केलं असणार."

"कोणाच्या, ते विचारलं नाही?"

"नाही. मीही तुला विचारलं नव्हतं, जोसेफभाई."

फोन ठेवताना तो म्हणाला, खांब कसा होता ते काढून दे, मी जाणकारांना दाखवतो. नातवाच्या टेबलावर मी कागद पसरला. चित्राबाबत बाईंची एक सक्त रीत होती. डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढंच अखंड रेषेने काढायचं, अंदाज असेल ते तुटक रेषेने. मी रेघ ओढू लागलो की खांद्यामागून त्या विचारायच्या, "पाहिलंत?" चुन्याच्या जमिनीसाठी मी पेन्सिल टेकवली. जमीन फुटलेली नव्हती. नसावी. पण तुकड्याच्या बरोबर वर एखादी चीर होती का? त्या दिवशी मी निरखून बघितलंच नव्हतं, चित्र काढताना बघू म्हणून.

माझ्या कबुलीने त्यांचा दावा पुन्हा उभा राहील, असं मला वाटलं होतं. तेही माझ्या हातून व्हायचं नाही. खांब वादीने नेला नाही, तो मी पाडला, एवढंच खात्रीने सांगता येतं. बाकीचं सगळं चित्र तुटक रेषेत काढून मी सलीमला पाठवलं आहे.