हर्षालीनं आणलेली बाटली

हर्षाली नाशकात अँब्युलन्सवरच्या कामाचं शिक्षण घेते. दुसरं वर्ष. माणूस रस्त्यात पडलं, छातीत कळ आली, विष पोटात गेलं, तर दवाखाना येईस्तोवर त्याला कसं धरून ठेवायचं, ते शिकते. पण पिंपळगाव बसवंतजवळच्या आत्याच्या वस्तीवर एवढं कोण ऐकून घेतं? ती उतरली की बाया म्हणायच्या, "आली गं लंकाबाईची डाक्टरीण." पहिल्यांदा तिनं सांगितलं, "डॉक्टर नाही हो." तिसऱ्यांदा सांगायचं सोडून दिलं. गोड लागतं ते. कुणाला लागत नाही?

आत्या लंकाबाई द्राक्षाच्या टोळीत कामाला. गळ्यात तुळशीची माळ. घरात मटण शिजलं तर ही बाहेर ओट्यावर जाऊन बसणार, मग नवऱ्यानं, केरूनं, कितीही हाका मारू देत.

ऑक्टोबरात छाटणी झाली की वेलीच्या काडीला पेस्ट लावतात, सगळे डोळे एकदम फुटून कोंब यावेत म्हणून. औषध मोठं जहाल, हाताची सालं काढतं. मुकादम चिमाजी दरवर्षी पहिल्या दिवशी बाप्यांना उभं करून दम भरतो, "पेस्टला हात लावला की आठ दिवस दारूला शिवायचं नाय. शिवलात तर मला नका बोलवू, खांदेकरी बोलवा." बाप्ये मान खाली घालून हसतात, बाया पदराआड हसतात. बायांना कुणी सांगत नाही. त्यांना काय सांगायचं? त्या कुठं पितात?

यंदा हर्षाली परीक्षा आटोपून चार दिवस राहायला आली, ती द्राक्षासवाची बाटली घेऊन. आत्या फोनवर म्हणाली होती ना, भूक लागत नाही म्हणून. "जेवल्यावर दोन झाकणं, पाण्यातून," पोरीनं ऐटीत सांगितलं. आसव आंबवून करतात, त्यात आपसूक थोडी दारू तयार होते, हे सरांनी वर्गात शिकवलेलं. पेस्ट अंगात भिनलेली असताना दारू पोटात गेली तर बीपी कसं कोसळतं, तेही शिकवलेलं. हर्षालीनं दोन्ही वहीत लाल रेघ मारून लिहिलं होतं. पण वही परीक्षेसाठी असते अन् आत्या घरातली. दोघींची डोक्यात कधी गाठच पडली नाही.

पेस्टच्या तिसऱ्या दिवशी, पाचच्या सुमाराला आत्या कामावरून आली. हातमोज्यात घाम येतो म्हणून ते दिवसभर कंबरेलाच खोचलेले. भाकरी खाल्ली, आसव घेतलं. पाव तास झाला नसेल, तोंड लालबुंद झालं, डोळे तांबारले, छाती भात्यासारखी हलायला लागली. मोरीत ओकली अन् तिथंच बसली.

"हर्षे, पळ गं!" केरूनं हाक मारली, तशी निम्मी वस्ती दारात जमली.

हर्षालीनं नाडी धरली. बारीक, अन् धावत होती. शेजारची नवसाबाई म्हणाली, "फवारणीचं औषध चढलं असंल."

फवारणीचं विष चढलं की तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. आत्याचं तोंड कोरडं ठणठणीत, बाहुल्या नेहमीसारख्या. जुळत नव्हतं. अन् मग हर्षालीची नजर फळीवरच्या बाटलीवर गेली. चारचौघांत माळकरी बाईला विचारायचं, काही घेतलं का? अन् घेतलं, तर आणून कुणी दिलं?

"हो मावशी, तेच असेल," ती म्हणाली. अन् फडकं काढायला गेल्यासारखी उठून तिनं बाटली पिठाच्या डब्यामागं सारली.

बाकी सगळं नीट केलं बरं तिनं. आत्याला आडवं केलं, पायाखाली गोणी दिली, साबणानं हात कोपरापर्यंत धुतले, १०८ ला फोन लावला. कुणी नावं ठेवली नसती.

गाडी आली, आत्याबरोबर केरू अन् हर्षालीही चढले. आत डॉक्टरीणबाई होत्या, मदतीला दीपक नावाचा गडी. त्यानं ऑक्सिजन लावला, सलाईन टोचलं. "मॅडम, बीपी ऐंशीच आहे."

"कशानं झालं?"

"फवारणीचं विष वाटतंय," हर्षाली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून डोळे बघितले. कपाळाला आठ्या पडल्या. "काम कसलं करत होत्या?"

"पेस्ट लावत व्हती," केरू म्हणाला.

"पेस्ट? दारू घेतली होती का?"

"ओ बाई!" केरू ताडकन उठला, डोकं वर आपटलं. "माळकरी हाय ती! जिभेला काही हाड?"

आत्याचे ओठ फिके पडत चालले होते. "दीपक, विषावरचं इंजेक्शन काढून ठेव. मी मोठ्या डॉक्टरांना विचारते." त्यांनी फोन कानाला लावला. ते इंजेक्शन हृदयाला आणखी पळवतं. हर्षालीला ते पाठ होतं, गेल्या आठवड्यातच त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

"थांबा," ती म्हणाली. "आसव घेतलंय तिनं. मी आणून दिलं. मला माहीत होतं, मॅडम."

बाईंनी फोन ठेवला. "इंजेक्शन राहू दे. सलाईन जोरात सोड, पाय वर घे." मग वळून विचारलं, "कितव्या वर्षाला?"

"दुसऱ्या."

बाई पुन्हा आत्याकडं वळल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर पोरीला सोसलं असतं. केरू तिच्याकडं बघतच राहिला, अन् तिनं दवाखाना येईपर्यंत मान वर केली नाही.

सकाळी दवाखान्यात आत्या उठून बसली, चहा प्यायली. हर्षालीनं तिला सगळं सांगितलं, डब्यामागच्या बाटलीसकट. आत्याचा हात माळेकडं गेला.

"अकरा वर्षं झाली ही घालून. अन् तू मला दारू पाजली?"

"आत्या, दोन झाकणांनी एवढं..."

"अर्धा कप घेतला मी. दोन झाकणांनी कुठं भूक लागती?" मग तिनं विचारलं, "पण लपवली का गं?"

"लोक काय म्हणतील म्हणून."

"मला, का तुला?"

"मला," हर्षाली म्हणाली.

आत्यानं कप खाली ठेवला अन् कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी हर्षाली एकटीच मळ्यात गेली. चिमाजीला म्हणाली, बायांशी बोलायचंय. आसव, खोकल्याचं औषध, टॉनिक, विचारल्याशिवाय पेस्टच्या दिवसांत काही घ्यायचं नाही, असं तिनं सांगितलं.

"म्हंजी लंकाबाई पिऊन पडली व्हती व्हय?" टोळीतल्या झुंबरबाईनं विचारलं अन् सगळ्या खिदळल्या.

इथंच थांबता आलं असतं. बाया हसून कामाला लागल्या असत्या.

"आत्याला काहीच ठाऊक नव्हतं," हर्षाली म्हणाली. "मला ठाऊक होतं. तुमच्या डोळ्यांदेखत मी बाटली लपवली, अन् ती मरायला टेकली तरी निम्म्या वाटेपर्यंत बोलले नाही."

हसणं थांबलं. नवसाबाई तिच्याकडं बघत होती, रागानं का कीव येऊन, ते हर्षालीला कळेना. मग चिमाजीनं हाळी दिली अन् बाया आपापल्या ओळीत शिरल्या.