आंब्याचं गाऱ्हाणं

भाऊकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुडाळला ऑफिसात होतो. त्याला आता महिना होत आला. खरं सांगतो, मला आधी त्यांचं आजारपण नाही आठवलं, आंबा चोखणारं त्यांचं तोंड आठवलं...

मिठबावला त्यांची हापूसची बाग. मे महिन्यात हा माणूस भात कमी आणि आंबा जास्त जेवायचा. मग प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. साखर म्हणजे कॅन्सरचं खाद्य, हे नातेवाइकांनी मोबाइलवर पाठवून पाठवून काकीच्या डोक्यात भरवलं. चहातली साखर गेली, केळी-चिकू गेले. एवढ्यावर थांबली तर ती काकी कसली! तिने देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं: हे बरे होईपर्यंत आंब्याला शिवणार नाहीत. मानकऱ्यांनी ते देवाला खड्या आवाजात सांगितलं, जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि अख्खा गाव काकांच्या तोंडावर पहारा द्यायला मोकळा झाला. काका बागेत जायचे, आंबा हुंगायचे आणि पेटीत ठेवायचे. मला संताप यायचा, पण काकी घाबरलेली होती. तिला बोलणार काय?

काकांचं अंग मात्र झडत चाललं. पुढच्या तपासणीला मी दोघांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि फळं कुणी बंद केली म्हणून विचारलं. साखर सोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही, म्हणाले. तुम्हाला मधुमेह नाही, मिठाई बेताने घ्या, फळं रोज खा, आंबासुद्धा. अंगात ताकद नसेल तर औषधं सोसणार कशी? काकी तिथेच रडायला लागली. परतताना गाडीत काका एवढंच म्हणाले, "डॉक्टरान सोडल्यान गो, देवान खंय सोडल्यान?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकीने पुन्हा मानकऱ्यांना उभं केलं. ह्यांचा नवस माझ्या वाटणीला घाला, ह्यांना मोकळं करा. या वेळी लोक "व्हय म्हाराजा" जरा हळूच म्हणाले. घरी येऊन तिने आंबा कापला. काकांनी बाठा चोखला, हनुवटीवरून रस ओघळला, आणि काकी पदराने तो पुसत बसली. पुढे भूक परतली, थोडं वजनही चढलं. आजार होता तो होताच, पण आणखी एक मोसम त्यांनी पोटभर खाल्ला... मला त्याचं फार बरं वाटतं.

दिवसकार्य आटोपल्यावर माळ्यावरचे आंबे पिकले. काकीने आम्हाला फोडी करून दिल्या आणि स्वतः हात धुऊन बसली. मी म्हटलं, काकी, आता सुटलीस तू, घे एक फोड. तिने ताटली माझ्याकडेच सरकवली.

"हे बरे झाल्यारच खाईन, असा सांगितलंय रे देवाक."