आत्याने पाहिलेलं सोलापूर

गड्ड्याच्या जत्रेला वैरागची आत्या आमच्याकडे आठवडाभर राहायला आली. तिला काय काय दाखवायचं ते मी आधीच ठरवून टाकलं होतं: तळ्यातलं देऊळ, किल्ला, तंबूतला मुका सिनेमा, कुंभारीच्या रानात हुरडा, आगगाडीने अक्कलकोट. देऊळ झालं. दुसऱ्या दिवशी किल्ल्याला निघालो, तर शेजारच्या विणकरांच्या दारात मागाचा खडखडाट ऐकून आत्या थबकली. आत म्हातारी रहाट फिरवत कांड्यांवर सूत गुंडाळत होती. तिला मराठी जेमतेम, आत्याला तेलुगू मुळीच नाही. तरी आत्या शेजारी फतकल मारून बसली, ती आठवडाभर रोज. दोघी कांड्या भरत, आपापल्या भाषेत सुनांची गाऱ्हाणी सांगत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

"आत्या, सिनेमा!" मी दारातून ओरडायचो.

"तू जा की," ती मान वर न करता म्हणायची.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी सगळं मी एकटाच बघून आलो.

निघताना म्हातारीने त्याच सुताचं लुगडं तिच्या हातात ठेवलं. पुढे वैरागात कुणी विचारलं, सोलापुरात काय बघितलंस, की आत्या पदर पसरायची. "हितनं हितवर माझ्या हातचं सूत हाय!" बायका पदराभोवती गोळा व्हायच्या.

किल्ला कसा होता, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.