चार फुटी टाकीतली मारामारी

"आता आणखी एक जरी मासा मेला, तर ही टाकी अंगणात उपडी करीन," डॉक्टरांची आई म्हणाली. "लोकं टँकरला घागरी घिऊन उभी हायत, आन आपण मेल्या माशांचं पाणी फेकून राहिलो."

म्हातारीचं काही चुकत नव्हतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि वर दुष्काळ पडला होता. नवी ऑफिसं येणार, साहेब लोक येणार, या हिशेबानं मी नांदेडचं भावाचं दुकान सोडून इथं ॲक्वेरियमचं दुकान टाकलं होतं. मुलांच्या डॉक्टरांच्या घरातच असलेल्या वेटिंग रूममधली ही चार फुटी टाकी मीच बसवलेली. मासे मात्र डॉक्टरांनी स्वतः हैदराबादहून आणलेले. पण टाकी उपडी झाली असती तर मासे कुणी आणले, हे कोण विचारतंय? नाव माझंच खराब झालं असतं. गावातली निम्मी लेकरं तिथं येऊन बसायची.

मासा मलूल दिसला की डॉक्टर टाकीत अँटिबायोटिक टाकायचे आणि नंतर सगळं पाणी बदलायचे. मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसलो. आमची तपासणी म्हणजे एवढंच, हात न घालता बघत राहायचं.

आत दोन एंजल होते, झालरीसारखे लांब पर असलेले. दोन टायगर बार्ब, म्हणजे अंगावर काळे पट्टे असलेले बोटाएवढे मासे. आणि दोन गोल्डफिश. एंजलच्या झालरीच्या चिंध्या झाल्या होत्या.

"डॉक्टरसाहेब, हे आजारी नाहीत. यांनी मार खाल्लाय."

"कुणाचा?"

"पट्टेवाल्यांचा."

"अहो, दोनच तर आहेत ते!"

"म्हणूनच."

बार्ब टोळीनं राहणारा मासा. टोळी असली की आपसात पाठलाग करतो, आपसात दमतो. दोनच ठेवले की शेजाऱ्यांचे पर कुरतडतो.

"जोडीनं आणले की रे बाबा," आई म्हणाली. "देवाघरच्या जिवाला जोडी नको व्हय?"

तेव्हा कुठं मला उलगडा झाला. सगळी खरेदी या माउलीच्या सांगण्यावरून जोडीजोडीनं झाली होती.

मी एंजल आणि गोल्डफिश दोन्ही माझ्या दुकानात न्यायचं ठरवलं. लांब पराच्या माशाचं बार्बशी कधीच जमत नाही. गोल्डफिश थंड पाण्याचा. आपल्याकडं उन्हाळ्यात टाकीचं पाणी हीटरशिवायच तापतं, तो वर येऊन धापा टाकतो. त्यांच्या जागी मॉली, अंडी न घालता थेट पिल्लं देणारा छोटा कणखर मासा. बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही असं. मॉलीला ते मानवतं.

"आणि बार्ब काढणार ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. आणखी सहा टाकणार."

"भांडखोर वाढवता?"

"हाव. आणि औषध बंद, त्यानं पाणी साफ ठेवणारे जंतूही मरतात. पाणी बदलायचं ते थोडंथोडं, आणि काढलेलं कुंड्यांना."

"आन मेले तर?" आई.

"तर टाकी मीच उपडी करीन, माय. तुमचे हात कशाला दुखवायचे?"

डॉक्टर हसले. आई हसली नाही.

नवे बार्ब सोडल्यावर आत पळापळ सुरू झाली, पण सगळी त्यांची त्यांच्यात. मॉलीकडं कुणी ढुंकूनही बघेना. उन्हाळा सरत आला तरी एकही मासा दगावला नाही. मी मनातून लई खूश होतो.

मग एक दिवस आईचा निरोप आला, तातडीनं ये. दुकान तसंच टाकून निघालो. गेलो तर ती टाकीला नाक लावून उभी.

"बघ की रे! मॉलीला पिल्लं झाली आन हे मेले त्यास्नी खायलेत!"

मी समजावलं. लहानाला मोठा खातो, टाकीत हे चालायचंच.

"माझ्या घरात न्हाई चालायचं," ती म्हणाली. "पिल्लांसाठी येगळी टाकी आण. आन पाण्याचं मला नको सांगू, माझ्या वाटणीचं दीन मी."

दुसऱ्या दिवशी टाकी बसवून आलो. मासे मला कळतात. गिऱ्हाईक अजून नाही कळत.