कुंकू की पाणी

आमच्या घराला लागूनच पिठाची गिरणी आहे. मी अमडापूरच्या घरूनच ऑनलाइन मराठी व्याकरण शिकवते, म्हणून बाहेरचा आवाज अडवणारे इअरबड्स घेतले होते. आई त्यांना 'कानातले' म्हणायची. दसऱ्यानंतर त्यांची बॅटरी पंधरा मिनिटांत मान टाकू लागली. संधीचा धडा ऐन रंगात आला की मुलं म्हणायची, "मॅडम, गिरणी ऐकू येऊन राह्यली."

वॉरंटीचे थोडेच दिवस उरले होते. कंपनीने बड्सची चार्जिंगची डबी उघडून फोटो मागितले, मी पाठवले. उत्तर आलं, आतली पांढरी खूण लाल झाली आहे, म्हणजे पाणी गेलंय. वॉरंटी मिळणार नाही. माझ्या डबीत पाणी? बघते तर खरंच लाल. मग पूजा आठवली. दसऱ्याला आईने विळा, कुदळ, शिलाई मशीन यांच्या रांगेत माझा लॅपटॉप आणि ही डबीही मांडली होती.

"आतून काऊन लावलं कुंकू?" मी ओरडलेच.

"बाहेरून लावलं तं पुसून जाते. पोटापाण्याचं हत्यार व्हय नं ते तुह्यं."

"हत्यार! पार बिघडवून ठेवलं तू."

मला राग आला की तोंडाला लगाम राहत नाही. त्या दिवसापासून आईने माझ्या टेबलाला हात लावणं सोडलं, झाडतानाही तेवढी जागा सोडून जायची. मला ते दिसत होतं. पण मी माझ्या तक्रारीच्या मागे होते; ते कुंकू आहे असं लिहूनही कंपनी ऐकत नव्हती.

शेवटी चिखलीला गेले. कंपनीची दुरुस्ती घेणाऱ्या दुकानात चष्मेवाले काका बसले होते. त्यांनी डबी डोळ्यांजवळ नेली, नखाने किंचित खरवडलं आणि हसले.

"पाणी कायचं? कुंकू व्हय हे, बाई."

स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, तर खालची खूण पांढरीफटक. मग बड्स तपासून म्हणाले, "कुंकवाचा काही संबंध नाही. बॅटरीच कमजोर आली कंपनीतून." त्यांनीच नवा फोटो पाठवला, फोनवर कंपनीशी हुज्जत घातली आणि आठवडाभरात नवा जोड मागवून माझ्या हातात दिला.

मी गड जिंकल्यासारखी घरी आले. आई ज्वारी निवडत होती.

"देले त्याईनं नवे! बॅटरीच खराब होती म्हणे."

तिने डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातलं सूप खाली ठेवलं.

"मंग माह्या हातानं नाही बिघडलं ते?"

इतके दिवस ती एवढंच मनात घेऊन वावरत होती. कंपनीला मी चारदा लिहिलं होतं, चिखलीच्या दोन खेपा केल्या होत्या. "चुकलं माह्यं" हे दोन शब्द मात्र तेव्हाही माझ्या तोंडून निघाले नाहीत. "नाही वं माय," एवढंच म्हणाले.