बाटलीला गोळीचा वास

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं, भातावर मारायच्या फवाऱ्याची बाटली, जे काही वाचायला अवघड ते माझ्यापुढे येतं. मी कर्जतला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. मला अजून फारसं येत नाही असं मी सांगते, पण तो घरच्यांना माझा नम्रपणा वाटतो.

माझा चुलतभाऊ कशेळ्याच्या पुढे एका फार्महाउसवर राखणदार आहे. शनिवार-रविवारी तिथे मुंबईची मुलं उतरतात. त्यांच्याकडे व्हेप असतं. पेनासारखं यंत्र, त्यात रस भरायचा, तो बॅटरीवर तापतो आणि त्याची वाफ ओढायची. या वस्तू विकायला बंदी आहे, म्हणून रस संपला की मुलं कासावीस होतात आणि दादाला विचारतात. दादाने ठरवलं, रस घरीच बनवायचा. निकोटिनची बाटली त्याला एका पाहुण्यानेच आणून दिली. वासासाठी त्याने बेकरीवाल्यांना सामान देणाऱ्या दुकानातून फळांच्या गोळ्यांचा अर्क आणला.

मंगळवारी दुपारी त्याने मला त्याच्या घरी बोलावलं आणि अर्क पुढे ठेवून ओटीवर बसवलं.

"कॉलेजात घेतेस तसा वास घे. शहरातली पोरं हायत, फसनार नाय."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझ्या शिक्षणाचं घरात कुणाला असं थेट काम पडलं नव्हतं. मी फिल्टर पेपरच्या पट्ट्या कापल्या, टोक बुडवलं, जरा वारा लागू दिला. आधी स्ट्रॉबेरी आली, तीही खऱ्या फळाची नाही, शाळेसमोरच्या टपरीवरच्या लाल गोळीची. तिच्यामागे पिकलेला पेरू. थोड्या वेळाने दोन्ही उतरले आणि पाक उकळताना येतो तसा साखरेचा वास राहिला. अगदी शेवटी किंचित साबण. मी हे सगळं दादाला समजावून सांगत होते आणि तो मान हलवत होता.

"म्हंजे पास का नापास?"

"अर्क चांगला आहे. पण तुझ्या रसात कसा लागतो ते बघायला हवं."

त्याने तयार रस आणला. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरला होता. इतके वास घेतल्यावर माझं नाक बधिर झालं होतं. मी म्हटलं, मला नीट कळत नाही.

काकू, म्हणजे दादाची आई, तांदूळ निवडत बसली होती. तिची एक पद्धत आहे. लोणच्याची बरणी उघडली किंवा दुधाची शंका आली की ती घरातल्या लहान पोराच्या नाकाशी धरते. मोठ्यांची नाकं मिश्रीने मेलेली, पोराचं नाक कोरं, असं ती म्हणते. पोराने तोंड फिरवलं की वस्तू बाद.

"पोरीला दे की वास," ती सुपातून नजर न काढता म्हणाली.

दादाची चार वर्षांची मुलगी उंबऱ्यात बसली होती. त्याने झाकण काढून बाटली तिच्या नाकाशी धरली. पोरीने वास घेतला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"पास!" दादा हसला. "बघ, आ केला!"

काकूही हसली. मला हसता आलं नाही. पोर तोंड उघडं ठेवून वाट बघत होती.

"दादा, यात निकोटिन आहे."

"ती काय ओढनार हाय का? बंद करतो की."

मोठ्या भावापुढे याहून जास्त बोलायची मला सवय नव्हती. मी पट्ट्या गोळा केल्या आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलनंतर आमच्या मॅडमना विचारलं. त्यांनी आधी मला खुर्चीवर बसवलं. "गोळ्यांचा अर्क खाण्यासाठी असतो," त्या म्हणाल्या. "पोटाला जे चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं नाही. आणि निकोटिनचा रस लहान मुलाने प्यायला तर थोडासाही जिवावर बेतू शकतो." मग त्यांनी विचारलं, "बाटली आत्ता कुठे आहे?"

मी जीपने थेट दादाकडे गेले.

वहिनी दारातच भेटली. "बरं झालं आलीस. कालपासनं पोर गोळीचं पानी मागतेय. सकाळी पाट उभा करून माळ्याकडं चढत होती. काय दाखवलंत तुमी तिला?"

मी दादाला सगळं सांगितलं. या वेळी थांबले नाही. बाटली मला दे, म्हटलं.

"काल पास, आज विष? कॉलेजात घातली तर आमालाच शिकवायला लागली ही."

"मी वास बघितला होता, दादा. दुसरं काही बघितलं नव्हतं."

"माळ्यावर हाय ती. झाकन बग कसं गच्च लावलंय." मला दाखवायला त्याने बाटली खाली काढली आणि हातात उलटी धरली. थेंब आला नाही. "बघितलंस? वाससुदा येनार नाय."

पोर अंगणातून धावत आली. बंद बाटलीकडे तिने एकदा बघितलं, बापासमोर उभी राहिली आणि तोंड उघडलं.

दादाने बाटली पाठीमागे नेली. पोर फिरून त्याच्या पाठीमागे गेली आणि तिथे तोंड उघडून उभी राहिली. मग त्याने ती माझ्या हातात दिली. पाहुण्याने दिलेली निकोटिनची बाटलीही आणून दिली, माझ्याकडे न बघता. मी दोन्ही पिशवीत टाकल्या.

दोन्ही बाटल्या मॅडमनी प्रयोगशाळेच्या कुलुपाच्या कपाटात ठेवल्या. त्यांची विल्हेवाट त्या लावणार आहेत. दादा माझ्याशी कामापुरतंच बोलतो. फार्महाउसवर पाहुणे येतच असतात. तिथे त्याने पुन्हा काही बनवलं का, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारायला हवं, हे मला कळतं.

त्यांच्याकडे गेले की पोर आधी माझ्या पिशवीकडे बघते. मी पिशवी खुंटीला वर अडकवते. तिला जवळ घेतलं की ती माझ्या हातांचा वास घेते आणि तोंड उघडते.